काझ्युको मुगे: विल्न्यूसची मार्चमधली जत्रा. काय घ्यावं, कसं पारखावं, घरापर्यंत कसं न्यावं

पाऊलवाट (धागाकर्ता)

लिथुआनियाच्या राजधानीत, विल्न्यूसमध्ये, दर मार्चला भरणाऱ्या या जत्रेबद्दल प्रश्न नेहमी येतात आणि उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरतात. म्हणून हा धागा. प्रवासवर्णनं नकोत, उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

'मुगे' म्हणजे जत्रा. 'काझ्युकस' हे काझिमिएरस या नावाचं लाडकं रूप, आपण पांडुरंगाचा पांड्या करतो तसं. हा काझिमिएरस राजपुत्र होता. ४ मार्च १४८४ रोजी पंचविशीतच वारला, पुढे संत ठरला आणि आज लिथुआनियाचा रक्षक संत मानला जातो. त्याच्या संतपदाचा सोहळा विल्न्यूसमध्ये १६०४ साली झाला. जत्रेची सुरुवात त्याच काळातली धरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लुकिश्केस चौकात भरायची. आज ती जुन्या शहरभर पसरते.

तारीख: ४ मार्चच्या जवळचा शुक्रवार, शनिवार, रविवार. दरवर्षी बदलते, त्यामुळे महापालिकेने जाहीर केल्याशिवाय तिकीट काढू नका. प्रवेश फुकट. चलन युरो.

जागा: कॅथेड्रल चौक, तिथून पश्चिमेला जाणारा गेदिमिनो मार्ग, दक्षिणेला चढत जाणारा पिलियेस रस्ता आणि पुढे दिज्योयी रस्त्याने टाउन हॉल चौक. शिवाय बाजूच्या गल्ल्या आणि बर्नार्डीन बागेकडचा भाग. कॅथेड्रल ते टाउन हॉल अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण शनिवारी दुपारी तेवढ्याला तासभर लागतो. बहुतेक जण कॅथेड्रलकडून घुसतात आणि पिलियेसच्या तोंडाशी अडकतात. रेल्वे स्टेशनवरून या. आउश्रोस वार्ताय, म्हणजे 'पहाटेचा दरवाजा', तिथून खाली उतरलं की थेट टाउन हॉलपाशी निघता आणि पुढची सगळी वाट उताराची. विमानतळावरून स्टेशनला रेल्वेने दहा मिनिटांच्या आत पोचता येतं. जत्रेच्या दिवसांत मधले रस्ते बंद असतात, बसचे मार्ग वळवलेले असतात. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका.

हवा: शून्याच्या वरखाली. बर्फ पडला तर तो दगडी फरसबंदीवर विरघळून चिखल होतो आणि संध्याकाळी त्याचाच पुन्हा गोठून काच. थंडीपेक्षा ओल्या पायांनी जास्त हाल होतात. तळव्याला खोल खाचा असलेले, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. मोजे विसरलात तर जत्रेत ढिगाने मिळतात.

आता महत्त्वाचं. बरेच जण इथून अंबर (झाडाच्या राळेचा दगडासारखा झालेला पिवळसर खडा), म्हणजे गिंतारस, घेऊन येतात. त्यात मन घालू नका. अंबर पिलियेस रस्त्यावरच्या दुकानांत बाराही महिने मिळतं. जत्रेत घ्यायचं ते गावोगावच्या माणसांनी हिवाळाभर बसून केलेलं आणि एरवी शहरात सहसा न दिसणारं. त्यात पहिला मान 'वेर्बा'चा.

---

निंबोणी

वेर्बावर मी लिहिते.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात ती काठी किंवा डहाळी म्हणजे वेर्बा. येशू जेरुसलेमात आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्या धरल्या, तो हा दिवस. लिथुआनियात खजूर कुठला? बहुतेक भागांत ज्युनिपर या सदाहरित, सुवासिक झुडपाची डहाळी चालते. विल्न्यूसच्या आसपासच्या खेड्यांत मात्र वाळवलेली फुलं आणि गवतं काठीवर गुंडाळून रंगीत वेर्बा करतात. चेकोनिश्केस हे त्यातलं नावाजलेलं गाव, तिथे वेर्बांचं छोटं संग्रहालयही आहे. या गावांतल्या बऱ्याच बाया घरी पोलिश बोलतात, म्हणून 'लाबा दियेना'ला थंड प्रतिसाद मिळाला तर 'जेन दोब्री' म्हणून बघा.

रचना: आत बोटापेक्षा बारीक हेझेलची सरळ काठी. शेंड्याला मऊ गवताचा झुपका. त्याखाली फुलांचे पट्टे, एकाखाली एक, लाटण्यासारखे गोल. शेवटी हिरवी पानं आणि खाली धरायला मोकळी काठी. हा झाला लाटण्याचा प्रकार. चपटा आणि गोल कड्याचा असेही प्रकार असतात.

वस्तू: वाळूत उगवणारं पिवळं अमरफूल (वाळलं तरी रंग सोडत नाही), टिमोथी गवत, मिलफॉइल, टॅन्सीचे पिवळे गुच्छ, सशाच्या शेपटीसारखं लॅग्युरस, ओट आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांच्या लोंब्या.

बांधायची रीत वरून खाली. आधी शेंड्याचा झुपका काठीच्या टोकाला दोऱ्याने आवळतात. मग तीन-चार फुलांची बारीक जुडी घ्यायची, तिची डोकी आधीच्या ओळीच्या देठांवर टेकवायची, दोऱ्याचा एक वेढा मारायचा, काठी थोडी फिरवायची, पुढची जुडी. काठी डाव्या हातात सतत फिरत असते आणि दोरा मध्ये कुठेही तुटत नाही. प्रत्येक ओळ वरच्या ओळीचे देठ झाकते. आपल्याकडे गजरा किंवा वेणी गुंफताना देठावर फूल येतं तेच तत्त्व, इथे फक्त काठीभोवती गोल फिरत जायचं.

कुठे चुकतं:

देठ पुरते वाळलेले नसतील तर नंतर आकसतात, दोरा सैल पडतो आणि अख्खी ओळ काठीवरून घसरते. विकत घेताना काठी एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने फुलांचा भाग हलकेच पिळा. काठीवर फिरला तर ठेवून द्या.

अमरफूल पुरतं उमललेलं तोडलं तर वाळताना आणखी उघडतं आणि पाकळ्या गळतात. ते अर्धवट मिटलेलं असतानाच तोडायचं. वेर्बा उलटी धरून टिचकी मारा. भुरभुर पडली तर माल जुना किंवा उशिरा तोडलेला.

आत ओल राहिली की गाभ्यात बुरशी. बाहेरून दिसत नाही, वासावर कळतं. वास सुक्या गवताचा यायला हवा, तळघराचा नको.

रंगांबद्दल: भडक गुलाबी-निळा रंग दिसला तर ते गवत रंगात बुडवलेलं असतं. नैसर्गिक छटा पिवळा, पांढरा, तपकिरी, मळकट जांभळा. मला नैसर्गिकच आवडतात, रंगवलेल्या प्लास्टिकच्या वाटतात.

---

बुरूडआळी

रंगवलेल्यांवर एवढा राग नको. त्या गावांतही कित्येक दशकं रंग वापरतात, म्हणजे आता ती त्यांचीच चाल झाली. बांधणी घट्ट आहे की नाही ते बघा, रंग ज्याची त्याची आवड. हां, बोट ओलं करून गवतावर घासलं आणि रंग बोटाला लागला, तर ती वेर्बा पांढऱ्या भिंतीवर टांगू नका.

---

निंबोणी

मान्य, बोटाची परीक्षा चांगली आहे. फक्त विचारून करा, बाई डोळे वटारते.

---

शंकासूर

१) जत्रेत वेर्बा घेतली, पण तो ईस्टरच्या आधीचा रविवार तर पुढे असतो. मग तोवर काय करतात?
२) त्या दिवशी नेमकं करतात काय?
३) ही वस्तू भारतात आणता येते का?

---

निंबोणी

१) काही नाही, फुलदाणीत कोरडी उभी ठेवतात. पाणी अजिबात नको. तो रविवार १५ मार्च ते १८ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणजे कधी दहा-बारा दिवस तर कधी सहा आठवडे.

२) सकाळी झोपलेल्यांना वेर्बाने हलकेच मारून उठवतात. मी मारत नाही, वेर्बा मारते, असं म्हणायची पद्धत आहे. त्यामागे आरोग्य लाभावं ही इच्छा. मग चर्चमध्ये आशीर्वाद, आणि वेर्बा वर्षभर घरात. जुन्या काळी वादळात विजा कडाडू लागल्या की तिचा तुकडा जाळून घरात धूर करायचे.

३) यावर पाऊलवाट लिहितील.

---

पाऊलवाट

सरळ उत्तर: भारतात उतरताना भरायच्या सीमाशुल्काच्या फॉर्मवर बिया, रोपं, फुलं हा रकाना आहे, तसाच मांस आणि दुग्धजन्य पदार्थांचाही. वेर्बात लोंब्या असतात, लोंब्यांत दाणे. म्हणजे ती जाहीर करायची. ठेवू द्यायची की नाही, ते अधिकारी ठरवतो. लपवून आणली आणि सापडली तर दंडही होऊ शकतो. ज्यांना तो ताप नको त्यांनी लाकूड, माती, लिनन घ्यावं. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे युरोपीय संघातच राहणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण नाही.

ब्रिटनवाल्यांना वेगळा इशारा: १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून गाई, मेंढी, शेळी, डुकराचं मांस आणि दूध-चीज स्वतःपुरतंही नेता येत नाही. वाटेत खाण्याच्या सँडविचलाही तो नियम लागू आहे. म्हणजे स्मोक्ड मांस आणि चीज जत्रेतच संपवा.

नेण्याची पद्धत: चित्रं ठेवतात ती पुठ्ठ्याची नळी. वेर्बा आधी पातळ कागदात, वरून खाली सैल गुंडाळायची. खालून वर गुंडाळली तर फुलं उलटी मोडतात. काठीचं टोक नळीच्या झाकणाला टेकेल आणि शेंडा मोकळा राहील असं बसवा. प्लास्टिकची पिशवी नको, विमानातून उतरल्यावर आत दव धरतं.

आणि मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसकट. उघड्यावर राहिली तर ऑगस्टपर्यंत बुरशी धरणारच.

---

खसखस

खाण्याचं कुणीच लिहीना, म्हणून मी.

बारोन्कोस / रिएस्तायनेय: जत्रेची खूण. कणकेची कडी, दोरीत ओवून माळा केलेल्या. लोक गळ्यात घालून फिरतात. गुढीपाडव्याची साखरेची गाठी डोळ्यांसमोर आणा, फक्त साखरेऐवजी पाव. परंपरेने नाव स्मुर्गोनीच्या माळांचं. ते गाव आता बेलारूसमध्ये आहे. कडी भाजण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात. त्याने वरचा स्टार्च शिजून चकाकी येते आणि पापुद्रा चिवट होतो. हा टप्पा वगळला तर साधा पाव होतो, निस्तेज आणि भुसभुशीत. घेताना कडी दाबून बघा. मऊ असली तर ताजी, दोन दिवसांत संपवायची. खडखडीत वाजली तर वाळवलेली, ती महिना-दोन महिने टिकते, चहात बुडवून खायची.

इथे एक खाच. बऱ्याच कड्यांवर खसखस असते. परतताना दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलणार असाल तर खसखशीची कडी घेऊ नका. अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे, आणि हे आपल्याकडच्या मंडळींना एरवी चांगलं ठाऊक असतं, पण पावावरची कुणाच्या लक्षात येत नाही.

काझ्युकोचं हृदय: मध आणि मसाल्याच्या बिस्किटाचं बदाम, वर साखरेच्या रंगीत नक्षीत नाव. आवडत्या माणसाला द्यायचं. तयार नावं लिथुआनियन असतात. काही ठिकाणी समोर लिहून देतात. नाव रोमन अक्षरांत कागदावर मोठं लिहून द्या, तोंडी सांगितलेल्या 'ज्ञानेश्वरी'चं काय होईल ते सांगता येत नाही. साखर ओली असते, तासभर तरी सपाट ठेवा, पिशवीत उभं टाकलं की नाव वाहतं. नक्षीत बहुधा अंड्याचा पांढरा असतो.

शाकोतिस: फिरत्या आडव्या दांड्यावर, विस्तवासमोर, पळीपळीने पातळ पीठ ओतत भाजलेला केक. ओघळणारे थेंब भाजून काटे होतात, म्हणून तो झाडासारखा दिसतो. एक किलो मैद्याला तीस ते पन्नास अंडी, त्याच प्रमाणात लोणी आणि साखर, शिवाय साय. दांडा हळू फिरला तर पीठ गळून जातं. थर पुरता भाजायच्या आत पुढचा ओतला तर आत चिकट राहतो. कापलेला नमुना ठेवलेला असतो. झाडाच्या खोडासारखी वलयं स्पष्ट दिसली पाहिजेत. वास लोण्याचा हवा, वनस्पती तुपासारखा आला तर पुढे चला. वजनावर विकतात. कोरडा असल्याने बंद डब्यात तीन-चार आठवडे सहज राहतो. उभा पॅक करा, आडवा ठेवला की खालचे काटे चुरा होतात.

काळा रायचा पाव: मोठा, जड, आंबट. भट्टीत घालताना खाली वेखंडाची पानं अंथरतात. हो, आपलं वेखंडच. पाव उलटा करून बघा, तळाला पानाच्या लांब शिरांचा ठसा दिसेल. कापलेला तुकडा मागा, अख्खा पाव दोघांना आठवडाभर पुरून उरतो.

मध: 'मेदुस' म्हणजे मध, 'मिदुस' म्हणजे त्यापासून केलेलं मद्य. उच्चारात घोळ केलात तर बाटली भलतीच मिळेल. संस्कृत 'मधु'शी नातं उघड आहे. भाषावाल्यांसाठी आणखी: अग्नी 'उग्निस', धूर 'दूमस', मेंढी 'अविस', मुलगा 'सुनुस'. मार्चमधला मध थिजलेला, पांढुरका, रवाळ असतो आणि तेच खरं. त्या थंडीत पातळ पाण्यासारखा दिसला तर बहुधा गरम केलेला.

---

शंकासूर

शाकाहारी माणसाचं काय? अंडं चालतं, मांस नाही.

---

खसखस

उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. इथे भाजीच्या पदार्थावरही तळलेल्या चरबीचे तुकडे पेरतात. 'बे मेसोस' म्हणजे मांसाशिवाय. तेवढं पुरत नाही, कारण विक्रेत्याच्या मते वरचे तुकडे म्हणजे मांस नव्हेच. 'बे स्पिर्गुच्यू' हेही म्हणा. उकडलेले वाटाणे, बटाट्याची धिरडी, बटाट्याचे मोठे गोळे 'त्सेपेलिनाय' (पनीरसारख्या सारणाचे मागा), सगळ्याला हा नियम.

किबिनस ही कराईम लोकांची (लिथुआनियातला एक छोटा समाज) करंजी. आकार, मुरड सगळं ओळखीचं, आत मात्र परंपरेने मटण. काही ठिकाणी चीज किंवा पालकाची मिळते.

निर्धोक गोष्टी: लसूण चोळून तळलेला काळा पाव, शहाजिऱ्याचं पांढरं चीज, सफरचंदाचं 'चीज' (नावापुरतं, आहे ती घट्ट आटवलेली वडी), मध, कडी. पांढरं चीज त्रिकोणी का असतं तर कापडी पिशवीच्या कोपऱ्यात दाबतात म्हणून. दूध फाडून करतात, आपल्या पनीरसारखं. 'गिरा' हे रायच्या पावाचं आंबवलेलं पेय, नाममात्र मद्यार्क असतो. लहान मुलंही पितात.

मांसाहाऱ्यांनी 'स्किलान्दिस' चाखावा: डुकराच्या जठरात भरून थंड धुरावर मुरवलेलं मांस. पातळ काप मागा, जाड काप चिवट लागतो.

---

बुरूडआळी

टोपल्या. दोन जाती मुख्य: विलोच्या काड्यांच्या आणि पाइनच्या पातळ पट्ट्यांच्या. विलोची काडी कच्ची सोलली तर पांढरी, सालासकट उकळून सोलली तर सालीतल्या टॅनिनने तांबूस. दोन्ही चांगल्या, तांबूस थोडी जास्त टिकते.

पारख: १) टोपली सपाट जागी ठेवून कडेला बोटाने दाबा, डगमगली तर बूड वाकडं. २) कडी धरून उचला आणि पिळा. कडीच्या काड्या बाजूच्या विणीतून थेट बुडापर्यंत उतरल्या पाहिजेत. नुसत्या काठात खोचलेल्या असतील तर पाच किलो बटाट्यांत हातात कडी आणि जमिनीवर टोपली. ३) आतून हात फिरवा. काडीची टोकं तिरकी छाटून दुसऱ्या काडीवर टेकलेली हवीत. आखूड छाटलेलं टोक वाळल्यावर निसटतं. ४) कुठेही तारेचा टाका किंवा स्टेपल दिसली तर ती कारखान्यातली, कुठूनही आलेली.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विलो ठिसूळ होते. दोन-तीन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात नको, तडकते.

विकणाऱ्याला एकच वाक्य विचारा: 'आर चा यूसू रांकू दारबस?' म्हणजे हे तुमच्याच हातचं का. ज्याने केलंय तो लगेच काडी दाखवत बोलायला लागतो. आणून विकणारा किंमत सांगतो.

---

सुतारपक्षी

वरच्यात भर: 'तौतिनिओ पावेल्दो' ही प्रमाणित पारंपरिक वस्तूंची खूण शोधा. २००७ च्या कायद्यानुसार वस्तू, करण्याची पद्धत आणि कारागीर तपासून प्रमाणपत्र देतात. ज्याच्याकडे ते असतं तो ते मांडून ठेवतोच. नसलं म्हणजे खोटंच असं नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपा आधार.

लाकडी चमचे: लिंडन हलकं आणि मऊ, कोरायला सोपं, पण रोजच्या स्वयंपाकात कडा लवकर झिजतात. ढवळायला बर्च किंवा मेपल घ्या. ज्युनिपरची लोणी लावायची सुरी मात्र घ्याच, वास वर्षानुवर्षं राहतो. चमचा डोळ्यांसमोर धरून रेषा बघा. त्या दांड्यातून मानेपर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मानेपाशी आडव्या झाल्या तर तिथेच मोडणार. वर चकचकीत वॉर्निश असेल तर तो शोभेचा. पहिल्यांदा पाण्यात धुतल्यावर लाकडाचे तंतू उभे राहून खरखरीत होतं, बारीक पॉलिश पेपरने एकदा घासून अळशीचं तेल लावा आणि ते पुरतं वाळेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, वापरू नका.

काळी मडकी: मातीत रंग नसतो. कच्चं भांडं अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात. भट्टी पुरती तापली की शेवटी राळ असलेलं पाइनचं लाकूड घालून सगळी तोंडं मातीने लिंपून बंद करतात. हवा न मिळाल्याने धुरातला कार्बन छिद्रांत बसतो आणि भांडं काळं होतं. भट्टी गळकी राहिली तर तांबूस डाग पडतात. डाग म्हणजे दोष नाही, उलट खरेपणाची खूण. परीक्षा नेहमीची, टिचकी. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर कुठेतरी चीर. चकाकी दगडाने घोटल्याची असेल तर बोटाला रेशमी लागते, रंगाची असेल तर काचेसारखी. भांडं सच्छिद्र असतं. पहिल्यांदा त्यात दूध मंद आचेवर उकळून तसंच गार होऊ द्यायचं, छिद्रं बुजतात. डिशवॉशर नको, रात्रभर पाणी भरून ठेवणं नको.

---

पेंढा

'सोदाय' राहिले. रायच्या काडांची टांगती रचना, शब्दाचा अर्थ 'बागा'. जेवणाच्या किंवा लग्नाच्या टेबलावर छताला टांगतात, हवेच्या झुळकीने हळू फिरत राहतात. २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही कला गेली.

मोठा सोदस विमानाने न्यायचा विचार सोडा. छोटा एकच अष्टफलक पत्र्याच्या डब्यात बसेल एवढा घ्या, किंवा काडं कापून मिळाली तर ती घ्या. अर्थात तीच सीमाशुल्काची अट. त्यापेक्षा रीत शिकून घ्या आणि घरी गव्हाच्या काडावर करा.

१२ सारख्या लांबीचे तुकडे, समजा १० सेंमी, दोन पेरांच्या मधले. गाठ मध्ये आली की सुई अडते. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, कोरडं काड दोरा ओवताना उभं चिरतं. लांब सुई, बारीक पण मजबूत दोरा.

चार तुकडे ओवून चौकोन बांधा. कोपरे क, ख, ग, घ. आता क पासून दोन तुकडे ओवून दोरा ख ला बांधा, एक त्रिकोण उभा राहिला. ख-ग या काडातून दोरा परत घालून ग ला या. तिथून दोन तुकडे ओवून घ ला बांधा. दोन्ही त्रिकोणांची शेंडी एकत्र ओढून गाठ मारा, वरचा पिरॅमिड झाला. उरलेल्या चार तुकड्यांचं तेच खालच्या बाजूला. शेवटच्या गाठीपर्यंत आकार लुळा असतो आणि इथेच लोक घाबरून दोरा जास्त आवळतात. आवळला की काडाचं तोंड चिरतं. शेवटची गाठ बसली की तो आपोआप ताठ होतो. एका मिलिमीटरचा फरकही मोठ्या रचनेत तिरका दिसतो, म्हणून तुकडे मोजपट्टीवर नव्हे, एकाच नमुना तुकड्यावर मापून कापा.

---

शंकासूर

पेंढा, वर-खाली मिळून चार आणि चार, मधला चौकोन चार. बारा बरोबर आले. :)

शेवटचे दोन: भाव करतात का? आणि कुठल्या दिवशी जावं?

---

पाऊलवाट

घासाघीस करत नाहीत. पाटीवर लिहिलेली किंमत हीच किंमत, निम्म्याने मागितलं तर अपमान वाटतो. तीन-चार वस्तू एकत्र घेताना हसून विचारलं तर एखादी बारीकशी वस्तू वर घालतात. कार्ड बरेच जण घेतात, पण गावाकडून आलेल्या आजीकडे सुटे पैसेच लागतात. पाच-दहाच्या नोटा आणि नाणी ठेवा.

निवड करायची तर शुक्रवारी सकाळी. वेर्बा आणि चांगल्या टोपल्या तेव्हा भरपूर असतात, कारागिरालाही बोलायला वेळ असतो. शनिवार गाणी, नाच आणि गर्दीचा. रविवारी दुपारनंतर आवराआवर सुरू, खाण्याचे पदार्थ थोडे स्वस्त होतात, पण उरतं ते उरलेलं.

एक गोंधळ टाळा. टाउन हॉलजवळ मुकुटाच्या घुमटाचं गुलाबी सेंट काझिमिएरस चर्च आहे, सोव्हिएत काळात तिथे नास्तिकतेचं संग्रहालय होतं. पण संताचे अवशेष तिथे नाहीत. ते कॅथेड्रलमध्ये, आत शिरल्यावर उजव्या हाताला पार टोकाच्या चॅपेलमध्ये, १६३६ साली पुरं झालेल्या. तिथलं चित्र नीट बघा, संताला तीन हात आहेत. चित्रकाराने एक हात रंगाखाली बुजवला तरी तो पुन्हा उमटला अशी आख्यायिका. सणाच्या दिवसांत प्रार्थना चालू असतात, तेवढा वेळ चॅपेलमध्ये फिरू देत नाहीत.

---

खसखस

कॅथेड्रलमधून बाहेर आल्यावर लगेच गरम गिरा मागू नका बरं, ती बहुतेक थंडच असते. गरम हवं असेल तर मध घातलेला हर्बल चहा, 'अर्बाता सु मेदुमी' म्हणायचं. कपासाठी अनामत घेतली असेल तर कप त्याच ठेल्यावर परत करा, शेजारच्यावर चालत नाही.